कौतुक पुरे, आता कीर्तन ऐकू या

ज्यू जीवनावर एखादा सांस्कृतिक कार्यक्रम मराठी शहरात ठरला की त्याचा आराखडा बहुधा आधीच तयार असतो. भिंतीवर सुलोचना, नादिरा आणि डेव्हिड यांची छायाचित्रे, टेबलावर मलिद्याचे ताट, नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची कथा, आणि शेवटी कुणा प्रमुख पाहुण्याच्या तोंडचे ठरलेले वाक्य: जगात सगळीकडे ज्यूंचा छळ झाला, भारतात मात्र कधीच नाही. टाळ्या पडतात, आभारप्रदर्शन होते. यातले बहुतेक खरे असले तरी एक गोष्ट खटकते. ज्यांच्याविषयी कार्यक्रम आहे ती माणसे त्यात पाहुणी असतात आणि सत्कारमूर्ती असतो आपण, यजमान. असे कार्यक्रम आपल्या सहिष्णुतेचा दाखला म्हणून करणे आता थांबवावे, असे माझे म्हणणे आहे. ज्यू माणसांनी या भूमीवर जे लिहिले, गायले, रंगवले ते मंचाच्या मध्यभागी यावे. त्यातले बरेचसे मराठीत आहे, त्यामुळे ते जपण्याचे काम कुणा परदेशी वकिलातीवर ढकलून चालणार नाही.

त्या ठरलेल्या वाक्यापासूनच सुरुवात करू. स्पेनमधून हाकललेल्या घराण्यातला, बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा गार्सिया द ओर्ता १५३४ साली गोव्यात आला. तो वैद्य होता. पोर्तुगीजांकडून मुंबई बेट त्याला खंडाने मिळाले होते. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला, ती गुपचूप ज्यू धर्म पाळते म्हणून, जाळून मारले आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे उकरून तीही जाळली. पणजीच्या बागेला आज त्याचे नाव आहे. हे पाप पोर्तुगीजांचे, आपले नव्हे, असा बचाव कुणी करील आणि तो रास्तही आहे. पण मग त्याच न्यायाने १९३०च्या दशकात युरोपातून आलेल्या ज्यूंना मिळालेला आसरा तरी आपला कसा म्हणायचा? दारावरचा पहारेकरी तेव्हाही परकाच होता.

तो पहारेकरी फारसा उदार नव्हता. १९३३ नंतर जर्मनीतून आणि पुढे ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकियातून माणसे निघू लागली, तेव्हा भारतात कुणाला उतरू द्यायचे हे ब्रिटिश अधिकारी ठरवत होते. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर नियम आवळले गेले. नोकरीची खात्री किंवा कुणाची हमी असल्याशिवाय प्रवेश अवघड झाला. १९३४ साली मुंबईत स्थापन झालेली ज्यूइश रिलीफ असोसिएशन अशा हमींसाठी धडपडत होती. नेहरूंनी निर्वासितांची बाजू घेतली हे खरे, आणि या प्रश्नावर सुभाषबाबूंचे त्यांच्याशी पटले नाही हेही खरे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटताच हिटलरच्या तावडीतून सुटून आलेले हे लोक कागदोपत्री शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांच्यातल्या अनेकांना नाझी पक्षाच्या सभासदांबरोबर एकाच कुंपणात, अहमदनगरच्या छावणीत डांबले गेले. चौकशी होऊन पुष्कळ जण सुटले, काही कुटुंबांना मात्र पुढे पुरंदर आणि साताऱ्याच्या वस्त्यांत नजरकैदेत राहावे लागले. पुरंदरचा तह आपल्याला शाळेपासून पाठ असतो, ही वस्ती कुणाच्या गावीही नसते. देशोधडीला लागलेल्यांवर कार्यक्रम करायचा तर तो या गडापासून सुरू करता येईल, आणि मग ‘कधीच नाही’ म्हणताना आवाज आपोआप जरा खाली येईल.

या माणसांनी इथे केले काय, हा खरा रस घेण्याजोगा भाग आहे. वॉल्टर काउफमान हा कार्ल्सबादचा संगीतकार. प्रागमधला आपला प्राध्यापक नाझी विद्यार्थी-चळवळीत आहे हे कळल्यावर त्याने त्याच्या हातून डॉक्टरेट घेण्याचे नाकारले होते. १९३४ मध्ये तो मुंबईत आला, आणि आला तो भारताच्या ओढीने नव्हे. व्हिसा सहज मिळाला म्हणून आलो, असे त्याने पुढे स्वच्छ सांगून टाकले आहे. इथले संगीत त्याला सुरुवातीला मुळीच उमगेना. न उमगणाऱ्या गोष्टीवर शेरा मारून मोकळे होण्यापेक्षा तो शिकायला बसला. आकाशवाणीची ओळखधून १९३६ साली त्याने बांधली. नऊ वर्षे त्याने मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला, बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली, आणि अमेरिकेत स्थायिक झाल्यावर उत्तर हिंदुस्थानी रागांवर १९६८ मध्ये भरभक्कम ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे जुने मित्र मोहन भवनानी यांच्या चित्रपटांसाठी विली हास पटकथा लिहीत होता. हा हास म्हणजे बर्लिनच्या नामांकित वाङ्मयीन साप्ताहिकाचा संपादक, आणि काफ्काने मिलेनाला लिहिलेली पत्रे १९५२ मध्ये ज्याने जगापुढे आणली तो. युद्धाची वर्षे त्याने हिंदुस्थानात काढली. काफ्कावर आपल्याकडे चर्चासत्रे कमी होत नाहीत, पण त्याच्या या संपादकाचे मुंबईपर्व त्यांत कितीदा येते?

चित्रकलेची बाजू थोडी अधिक माहितीची आहे, आणि म्हणूनच तिच्यात गुळगुळीतपणाही जास्त आला आहे. टाइम्स ऑफ इंडियाचा कलासंचालक वॉल्टर लांगहॅमर व्हिएन्नाहून आला तो ज्यू पत्नी केथसह. रूडॉल्फ फॉन लायडन १९३३ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून उतरला आणि कलासमीक्षक झाला. इमॅन्युएल श्लेसिंगर औषधांचा कारखाना चालवून तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेत होता. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणारे सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यातल्या अनेकांना या तिघांनी पुस्तके दाखवली, लेख लिहून उचलून धरले, रोख पैसे मोजले. इथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो: आधुनिक भारतीय चित्रकलेचे श्रेय तीन युरोपीयांच्या पदरात का घालायचे? घालू नयेच. सूझाचा संताप गोव्यातून आणि जे. जे. स्कूलच्या हकालपट्टीतून आलेला होता. हुसेनचा हात पंढरपूर, इंदूर आणि सिनेमाच्या फलकांनी घडवला. मला या तिघांचे महत्त्व वेगळ्या जागी दिसते. ज्या शहरात सरकारी कलाशाळा आणि वार्षिक प्रदर्शने यांच्यापलीकडे नव्या चित्राला गिऱ्हाईक नव्हते, तिथे त्यांनी गिऱ्हाईक आणि वाचक तयार केले. घर, भाषा, नोकरी गमावलेल्या माणसांना इथल्या कलाप्रस्थापितांशी जमवून घेण्याची गरज नव्हती, म्हणून त्यांना तो धोका पत्करता आला. त्यांच्या नजरेला मर्यादा होत्या, त्याही प्रदर्शनात दाखवाव्यात. लायडनने पुढे गंजिफाचा जो अभ्यास केला, ज्यात आपली सावंतवाडीही येते, त्याने स्वतःच ती नजर बरीच दुरुस्त केली, असे मला वाटते.

या यादीत दोन बायका बहुधा गाळल्या जातात. हिल्डे होल्गर ही व्हिएन्नाची नर्तिका. १९३९ मध्ये मुंबईत येऊन तिने नृत्यशाळा काढली, एका पारशी डॉक्टरशी लग्न केले आणि १९४८ मध्ये ती लंडनला गेली. मागे राहिलेले तिचे बहुतेक नातेवाईक नाझींनी मारले. मॅग्डा नाखमान ही ज्यू पित्याची रशियन चित्रकर्ती, क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य यांची पत्नी. मारिना त्स्वेतायेवाचे व्यक्तिचित्र तिने तरुणपणी रंगवले होते. मॉस्को आणि बर्लिन अशी दोन घरे सोडून ती मुंबईत पोहोचली आणि १९५१ मध्ये स्वतःच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या तोंडावर वारली. मॉरिस फ्रीडमन हा वॉर्साचा इंजिनिअर निर्वासित म्हणून आला नव्हता, म्हैसूरच्या नोकरीवर आला होता, तरी त्याचे नाव इथे घ्यायलाच हवे. औंध संस्थानच्या स्वराज्याच्या घटनेमागे आप्पा पंतांबरोबर त्याचा हात होता, आणि खेतवाडीच्या माळ्यावर निसर्गदत्त महाराज मराठीत जे बोलत त्याचे १९७३ साली इंग्रजी पुस्तक करून ते जगभर नेले ते त्यानेच. मराठी बोलणे इंग्रजीत नेणारा एक पोलिश ज्यू, आणि आपल्या कार्यक्रमांत मात्र दरवर्षी तीच तीन छायाचित्रे.

आता देशोधडीचाच विषय आहे तर एक घोटाळा मिटवायला हवा. युरोपातून आलेले ज्यू, बगदादहून आलेले ज्यू आणि कोकणातले बेने इस्राएल यांना आपण एकाच माळेत ओवतो. डेव्हिड ससून बगदादच्या सुभेदाराच्या जाचातून निसटून १८३२ मध्ये मुंबईत आला आणि त्याच्या घराण्याने निम्मी दक्षिण मुंबई उभारली. काळा घोडा हे नावही आल्बर्ट ससूनने दिलेल्या पुतळ्यामुळे पडले. वाचनालय, सिनेगॉग, गोदी, पुण्याचे रुग्णालय आणि लाल देऊळ, सगळ्यांवर त्या नावाची छाप आहे, आणि त्यामागच्या पैशात चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापाराचा वाटा मोठा आहे. काळा घोडा महोत्सवात हजारो लोक त्या वाचनालयाच्या पायऱ्यांशी गर्दी करतात. तिथे या घराण्याची ही दोन्ही अंगे एकत्र मांडणारे प्रदर्शन हवे. छळातून सुटलेला माणूस संत असावा लागतो ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे.

बेने इस्राएल मात्र कुठल्याच अर्थाने इथले परके नाहीत. शनवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून कोकणात त्यांची ओळख होती, आडनावे पेणकर, रोहेकर, केहीमकर, चेऊलकर. त्यांच्या सणांना नव्याचा सण, खिरीचा सण अशी घरगुती नावे होती. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. या समाजाने एकोणिसाव्या शतकात जे केले ते मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फार तर तळटीपेत सापडते, आणि माझ्या मते हीच मुख्य हानी आहे. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले, कारण ते वाचणारे विद्यार्थी मराठी होते. पुण्यात १८७४ साली वल्हांडणाच्या विधीची पोथी हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यांत आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पुरा केला, तो छापायला चाळीस वर्षे गेली आणि छापला कुठे, तर तेल अवीवमध्ये.

आणि या सगळ्यांत विलक्षण म्हणजे कीर्तन. १८८०च्या आसपास बेने इस्राएलांनी हरिकीर्तनाची सगळी चौकट उचलली, उभे राहून करायचे आख्यान, मध्ये साकी, दिंडी, ओवी, आर्या, मागे साथ, आणि तिच्यात अब्राहाम, योसेफ, मोशे, एलिया यांची चरित्रे बसवली. या आख्यानांच्या पुस्तिका छापल्या गेल्या, लोक त्या विकत घेत, रात्री जागवत. विचार करण्याजोगी गोष्ट अशी की हे करताना त्यांनी ना आपला एकेश्वरी धर्म पातळ केला ना कीर्तनाचा घाट मोडला. मूर्तीपुढे उभे राहून करायचा प्रकार मूर्ती न मानणाऱ्यांनी घेतला आणि तो पेलून दाखवला. मिशनऱ्यांच्या प्रचाराला उत्तर देण्याचीही त्यामागे एक गरज होती. आपला धर्म आपल्या बायकापोरांना कळेल अशा भाषेत सांगायचा, आणि ती भाषा मराठीच. नामदेवांपासून निघालेल्या परंपरेचा इतका अनपेक्षित विस्तार दुसरा कुठे असेल तर तो मला ठाऊक नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांतले संगीत-अभ्यासक यावर काम करत आहेत. आपल्या कीर्तन महोत्सवांत मात्र या आख्यानाला जागा मिळाल्याचे क्वचितच ऐकू येते.

यावर पहिली शंका व्यवहाराची: करणार कोण आणि ऐकणार कोण? स्वातंत्र्याच्या वेळी वीस हजारांवर असलेला समाज आज काही हजारांवर आला आहे. ज्यू नसलेल्यांनी ज्यू संस्कृतीचे कार्यक्रम करणे म्हणजे रिकाम्या घराला रंग देणे नव्हे काय? हा प्रश्न पोलंडमधल्या क्राकुफने फार बोचऱ्या रूपात अनुभवला आहे. युद्धापूर्वी साठ हजारांच्या वर ज्यू असलेल्या त्या शहरात ते जवळजवळ उरलेच नव्हते, तेव्हा १९८८ मध्ये यानुश माकुख या ज्यू नसलेल्या माणसाने एका सहकाऱ्यासह तिथे ज्यू संस्कृतीचा महोत्सव सुरू केला. काझिमिएश वस्तीत तो आजही भरतो. त्याच्यावर टीका झाली आणि ती निराधार नव्हती. उपाहारगृहांतला नकली ‘ज्यू’ थाट, लाकडी बाहुल्या, पर्यटकांसाठीची हळहळ हे सगळे त्या परिसरात फोफावले. पण त्या महोत्सवाने जगभरचे ज्यू गायक, भाषेचे शिक्षक, लेखक त्या गल्ल्यांत परत आणले, शिकवण्याचे वर्ग घेतले, आणि आपल्या शहरात काय होते ते पोलिश तरुणांना कळले. नंतर २०१४ मध्ये वॉर्साच्या पोलिन संग्रहालयाने आपले कायमचे दालन उघडले, त्यात संहाराइतकीच त्याआधीच्या हजार वर्षांच्या जगण्याला जागा दिली. आपली स्थिती क्राकुफपेक्षा कितीतरी सोपी आहे. इथला समाज मारला गेलेला नाही, तो ठाणे, मुंबई, अलिबाग, पुण्यात आहे आणि इस्रायलमध्ये त्याहून मोठ्या संख्येने आहे. त्याला विचारून, त्याच्या माणसांना मानधन देऊन, कार्यक्रमाचा आशय त्यांना ठरवू देऊन काम करता येते.

दुसरी शंका अधिक तीव्र आहे. गाझाच्या युद्धानंतर ज्यू हा शब्द उच्चारला की सभागृह दोन तट करून बसते. अशा वेळी कार्यक्रम केला तर तो इस्रायलच्या बाजूचा ठरेल, आणि नाही केला तर विरोधाचा. आजवरच्या सवयीने ही अडचण आपणच वाढवली आहे. ज्यू कार्यक्रम म्हणजे द्विपक्षीय मैत्रीचा कार्यक्रम असे समीकरण रूढ झाले की दूर देशातल्या सरकारच्या करणीचा हिशेब अलिबागच्या तेल्याच्या वंशजाकडे मागितला जातो. नरिमन हाउसवर २००८ मध्ये हल्ला करणाऱ्यांनी असाच हिशेब लावला होता. इस्रायलच्या धोरणांवर कडाडून टीका करणाऱ्या माणसालाही १८७४ ची पुण्याची पोथी मन लावून पाहता आली पाहिजे, आणि त्या देशाच्या कट्टर चाहत्यालाही हे ऐकून घेता आले पाहिजे की तिथे गेलेल्या बेने इस्राएलांचे स्वागत काही फार गोड झाले नव्हते. वर्णभेदाची वागणूक मिळते म्हणून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यातल्या काहींनी धरणे धरले आणि ते हट्टाने भारतात परतले. साठच्या दशकात तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेऊन लग्ने अडवली, तेव्हा आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा द्यावा लागला. घरी परतलेल्या माणसांना आपण घरचेच आहोत हे सिद्ध करावे लागले. आणि तिथे स्थिरावल्यावर त्यांनी काढले काय, तर ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक. परागंदा होण्याचा अर्थ समजून घ्यायला याहून गुंतागुंतीची सामग्री हवी तरी कोणती? कुठल्याही सरकारच्या प्रचारपत्रात मात्र ती बसणार नाही.

एवढ्या लहान समाजासाठी एवढा खटाटोप कशाला, मराठी मुसलमानांचे, भटक्या जमातींचे वाङ्मयही उपेक्षितच आहे, असेही कुणी म्हणेल. आहेच, आणि तेही काढावे. एका उपेक्षेचा दाखला देऊन दुसरी टिकवून धरण्याचा हा जुना मार्ग आहे, त्यावर अधिक शब्द खर्चण्याची गरज नाही.

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दुसऱ्या दर्जाबरोबर संशोधनाच्या, हस्तलिखितांच्या, अनुवादाच्या योजनांची चर्चा सुरू झाली आहे, आणि त्या चर्चेत बहुतेक वेळा ताम्रपट आणि शिलालेखच असतात. त्यात बेने इस्राएलांच्या छापील आख्यानांची, प्रार्थनांच्या भाषांतरांची, जुन्या नियतकालिकांची सूची करणे घालावे. मुंबई, पुणे, जेरुसलेम आणि लंडनच्या ग्रंथालयांत विखुरलेल्या प्रती एका ठिकाणी संगणकावर आणाव्यात. साहित्य संमेलनाच्या एखाद्या संध्याकाळी राजकीय भाषणांचे एक सत्र कमी करून योसेफाचे आख्यान पूर्ण ठेवावे, पूर्वरंगासकट, मलिद्याच्या ताटाचे निमित्त न करता. त्याच्या चाली आज मुख्यतः वयस्क बायकांच्या कंठात आहेत, काही ठाण्यात, काही लोद, अश्दोद आणि दिमोनात. त्यांच्याकडून त्या ध्वनिमुद्रित करून घ्यायला संमेलनाच्या मांडवाला लागतो तेवढाही खर्च येणार नाही.